ओझरचं तेजस उडालं, मग हवाई दलाला लगेच का मिळालं नाही?

17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकजवळच्या ओझरला जुळणी झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए, म्हणजे तेजस या हलक्या लढाऊ विमानाची सुधारित आवृत्ती, संरक्षणमंत्र्यांसमोर आकाशात झेपावलं. ज्या कारखान्यातून आधी मिग-21 आणि पुढे सुखोई-30 बाहेर पडली, तिथे आता तेजस तयार होतंय, याचा नाशिककरांना अभिमान वाटणं साहजिक आहे. पण बातमी वाचताना एक प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे. 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 चा. या जातीचं पहिलं विमान बंगळुरूला 28 मार्च 2024 रोजी उडालं. विमान उडतंय, तर ते हवाई दलाच्या हवाली करायला एवढा वेळ का लागावा?

अमेरिकेहून इंजिनं उशिरा आली, हे एक कारण आता बहुतेकांना माहीत आहे. दुसरं कारण बातमीत जेमतेम एका ओळीत येतं: इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं एकत्रीकरण आणि प्रमाणीकरण बाकी आहे. या ओळीवरून सामान्य वाचकाला काहीही कळत नाही. लढाऊ विमान बनवण्यातलं सगळ्यात चिवट काम मात्र याच ओळीत दडलेलं आहे. आणि ते काम बहुतांशी जमिनीवर, कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या खोट्या आकाशात चालतं.

प्रत्येक पेटी चांगली, मग अडतं कुठे?

विमानातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना मिळून एव्हिऑनिक्स म्हणतात. रडार, रेडिओ, आपलं-परकं विमान ओळखणारी यंत्रणा, शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणारा जॅमर, वैमानिकासमोरचे पडदे, क्षेपणास्त्रांना हुकूम देणारा कॉम्प्युटर आणि या सगळ्यांकडून माहिती गोळा करणारा मिशन कॉम्प्युटर. यांतली जवळपास प्रत्येक गोष्ट म्हणजे एक बंद पेटी असते. बिघडली की विमानतळावरच काढायची आणि दुसरी बसवायची.

या पेट्या एकमेकींशी बोलतात त्या डेटा बसवरून, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या सामाईक तारांवरून. जगभरच्या लढाऊ विमानांत यासाठी अजूनही 1553 नावाचं मानक सर्रास वापरलं जातं. ते 1970 च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी ठरलं. वेग सेकंदाला फक्त 10 लाख बिट, म्हणजे आपल्या घरच्या इंटरनेटच्याही कितीतरी मागे. पण शिस्त कडक. एक पेटी नियंत्रक असते, तिने विचारल्याशिवाय दुसरी कुणी बोलायचं नाही. एका बसवर जास्तीत जास्त 31 पेट्या. एक शब्द पाठवायला बरोबर 20 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या 10 लाखाव्या भागाच्या वीसपट.

तेजस मार्क-1ए मध्ये इंजिन अमेरिकी, सुरुवातीच्या विमानांचं रडार इस्रायली, वैमानिकाचं आसन ब्रिटिश, उड्डाण नियंत्रणाचा कॉम्प्युटर बंगळुरूचा आणि शस्त्रं दोन-तीन देशांची. प्रत्येक पेटी आपापल्या कारखान्यात चाचणी उत्तीर्ण होऊन आलेली असते. भांडण लागतं ते दोन पेट्यांच्या मधे. समजा, दोन विमानं समोरासमोर येताहेत, प्रत्येकी सेकंदाला 300 मीटर वेगाने. रडारने लक्ष्याची जागा अचूक मोजली, पण ती शस्त्राच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचायला सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला. तेवढ्यात दोघांमधलं अंतर 30 मीटरने कमी झालेलं असतं. रडार बरोबर, शस्त्राचा कॉम्प्युटरही बरोबर, आणि तरी नेम चुकलेला. कुठल्याच पेटीत दोष सापडत नाही, कारण दोष वेळेच्या हिशेबात आहे.

असे दोष हवेत शोधत बसणं म्हणजे प्रत्येक वेळी वैमानिकाचा जीव आणि काहीशे कोटींचं विमान पणाला लावणं. म्हणून ते जमिनीवर शोधायचे असतात.

खोट्या आकाशात उडायचं कसं?

नाटक बसवताना आधी वाचन होतं, मग उभ्या तालमी, मग रंगीत तालीम आणि त्यानंतर पहिला प्रयोग. विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा प्रवास याच क्रमाने होतो.

वाचनाच्या टप्प्यात विमान फक्त गणितात असतं. पवनबोगद्यात छोट्या प्रतिकृतीवर वारा सोडून मोजलेले आकडे घेतात आणि हवेचा दाब, वजन, इंजिनाचा जोर, पंखांचे हलते भाग यांची समीकरणं कॉम्प्युटरवर मांडतात. या गणिती विमानाला मॉडेल म्हणतात. हवा, तापमान, इंधन, वेग हे सगळं बदलत ते रात्रंदिवस उडवता येतं, आणि ते हजारदा कोसळलं तरी कुणाला खरचटत नाही.

उभ्या तालमीत खरं सॉफ्टवेअर येतं, पण ते साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालवतात. संवाद पाठ झाले का, एवढं इथे बघायचं.

रंगीत तालमीत खऱ्या पेट्या, खऱ्या तारा आणि खरा वीजपुरवठा येतो. फक्त आकाश खोटं. या प्रकाराला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात आणि ज्या सांगाड्यावर हे सगळं मांडतात त्याला रिग. रिगवरच्या पेटीला आपण टेबलावर आहोत याचा पत्ताही लागता कामा नये. तिला वेग हवा असेल, तर मॉडेल वेग मोजून बरोबर तसाच विद्युत संकेत तयार करून देतं. पेटीने 10-20 मिलिसेकंदांत उत्तराची अपेक्षा ठेवली असेल, तर मॉडेलनेही तेवढ्याच वेळात आकाश पुढे सरकवायचं. उशीर झाला की पेटी समजते, संवेदकच बंद पडला. त्यामुळे हे कॉम्प्युटर नुसते ताकदवान असून भागत नाही, घड्याळाला पक्के असावे लागतात.

आयर्न बर्डपाशी उभं राहून

तेजसच्या रचनेत एक मुद्दाम केलेली गोष्ट आहे. हे विमान स्वभावाने अस्थिर आहे. प्रवासी विमानाचं नाक झुळकेने वर गेलं, तर ते आपोआप खाली यायला बघतं. तेजसचं नाक वर गेलं, तर ते आणखी वर जाऊ पाहतं. यामुळे विमान चपळ होतं, पण माणसाच्या हाताला ते सांभाळणं शक्य नसतं. म्हणून वैमानिकाच्या दांड्याला पंखांशी जोडणारी सळई किंवा केबल इथे नाहीच. दांडा फक्त इच्छा सांगतो, ती तारेतून कॉम्प्युटरकडे जाते आणि पंखाचा कुठला भाग किती हलवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. याला फ्लाय-बाय-वायर म्हणतात. हा कॉम्प्युटर बंद पडला तर विमान संपलं. म्हणून त्याच्या आत चार स्वतंत्र शाखा असतात. चौघी एकच गणित करतात, उत्तरं ताडून बघतात आणि एखादीचं उत्तर वेगळं आलं की उरलेल्या तिघी तिला बाजूला काढतात. त्यानंतर आणखी एक बिघडली तरी दोघी विमान घरी आणू शकतात.

हे सगळं खरंच असं होतं का, ते आयर्न बर्डवर तपासतात. तेजसचा आयर्न बर्ड बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये आहे. त्याची धाकटी आवृत्ती, मिनी बर्ड, डीआरडीओच्या वैमानिकी विकास आस्थापनेत, म्हणजे एडीईमध्ये. नाव पक्ष्याचं असलं तरी दिसायला तो लोखंडी सांगाडा. अंगावर कातडं नाही, पण पंखांचे भाग हलवणारे तेलाच्या दाबावरचे दट्टे खरे, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्याही विमानात असतात तशाच. नळीची लांबी बदलली, तर दाब पोहोचायला लागणारा वेळ बदलतो आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

दांडा ओढला की कॉम्प्युटर हुकूम सोडतो, दट्टा सरकतो, तो किती सरकला हे मोजलं जातं, त्यावरून मॉडेल विमानाचा नवा कोन काढतं आणि तो कोन खोट्या संकेतातून पुन्हा कॉम्प्युटरकडे येतो. हे चक्र अखंड चालू असतं. आता या खोट्या विमानाला तीव्र वळणात टाकतात आणि ऐन वळणात चारपैकी एका शाखेची तार तोडतात. पंखाच्या भागाला हिसका बसला का, बसला तर किती, वैमानिकापुढे इशारा योग्य क्षणी लागला का, हे बघतात. मग दुसरी शाखा बंद करतात. मग त्यातच तेलाचा दाब पाडतात. हवेत असा प्रसंग कुणी मुद्दाम ओढवून घेणार नाही. इथे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा ओढवून घेतात, आणि दर वेळी थोडा वेगळा.

परदेशातून तयार सॉफ्टवेअर घेतलं असतं तर?

हा आक्षेप जुना आहे आणि त्याचं उत्तर इतिहासानेच दिलेलं आहे. तेजसचे उड्डाण नियंत्रणाचे नियम लिहिण्यासाठी 1992 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत एक राष्ट्रीय गट उभा राहिला. नियम म्हणजे वैमानिकाने इतका दांडा ओढला, वेग इतका, उंची इतकी, तर पंखाचे भाग किती हलवायचे याची गणितं. अमेरिकी कंपनीचं साहाय्य सुरुवातीला होतं. 1996 मध्ये हे नियम अमेरिकेत एका खास एफ-16 विमानावर हवेत तपासूनही पाहिले गेले. त्या विमानाचा कॉम्प्युटर दुसऱ्याच विमानासारखा वागू शकतो. अस्सल हवेत उडणारं हे सिम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या विमानाची नक्कल करणारं यंत्र.

मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. तिथे काम करणारे आपले अभियंते परत आले. पण मॉडेल आपलं होतं, नियम आपण लिहिले होते आणि रिग बंगळुरूत होते. उरलेलं काम इथे पूर्ण झालं. 4 जानेवारी 2001 रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं तेजस उडवलं. मला या सगळ्या प्रकल्पातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. विमानाचा धातू विकत मिळतो, चिपही मिळते. आपलं विमान प्रत्येक परिस्थितीत कसं वागेल याचं तपासलेलं ज्ञान मात्र कुणी विकत देत नाही, आणि दिलं तरी ते आपल्याला दुरुस्त करता येत नाही.

मॉडेलच चुकलं तर?

तर खोटं आकाश खोटा दिलासा देतं. ही भीती अगदी खरी आहे.

स्वीडनचं ग्रिपेन हे तेजससारखंच हलकं आणि स्वभावाने अस्थिर विमान. 2 फेब्रुवारी 1989 रोजी त्याचं पहिलं नमुना विमान सहाव्याच उड्डाणात उतरताना झोके खाऊ लागलं आणि धावपट्टीवर आपटून उलटलं. वैमानिक वाचला. वैमानिक एका बाजूला दुरुस्ती करतो, विमान जरा उशिरा प्रतिसाद देतं, तोवर त्याने आणखी दांडा ढकललेला असतो, मग विमान जास्त कलतं, मग तो उलट बाजूला ओढतो. माणूस आणि यंत्र मिळून झोका वाढवत नेतात. नियम सुधारले गेले, त्यासाठी अमेरिकेतल्या उडत्या सिम्युलेटरचीही मदत घेतली गेली. तरी 8 ऑगस्ट 1993 रोजी स्टॉकहोममध्ये प्रात्यक्षिकाच्या वेळी दुसरं ग्रिपेन पडलं, हजारो प्रेक्षकांच्या जवळ. या वेळी वैमानिकाचे हुकूम इतके जलद होते की पंखांचे भाग तेवढ्या वेगाने हलूच शकत नव्हते.

इथे सिम्युलेशनची एक मूळ मर्यादा दिसते. खुर्ची जमिनीवर आहे हे वैमानिकाला माहीत असतं. जीव धोक्यात असताना माणसाचा हात जसा चालतो, तसा तो खोलीत बसून चालत नाही. म्हणून आता झोके मुद्दाम निर्माण करणाऱ्या कठीण कसरती वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये देतात, आणि दट्ट्यांची गती संपली तर काय, हा प्रश्न वेगळा तपासतात.

दुसरं उदाहरण विमानाचं नाही, अग्निबाणाचं आहे, पण इतकं बोलकं की टाळता येत नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचा एरियन-5 पहिल्याच उड्डाणात साधारण 40 सेकंदांत फुटला. दिशा सांगणाऱ्या पेटीतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन-4 मधून जसंच्या तसं घेतलं होतं. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त. तो आकडा 16 बिटांच्या जागेत मावेना, पेटी बंद पडली, आणि तेच सॉफ्टवेअर असलेली राखीव पेटीही त्याच कारणाने बंद पडली. उड्डाणापूर्वी संपूर्ण यंत्रणेच्या चाचण्या झाल्या होत्या. पण त्यांत ही पेटी खरी नव्हती, तिच्या जागी तिची गणिती नक्कल ठेवली होती. पेटी आधीच्या अग्निबाणावर सिद्ध झालेली आहे, तिला पुन्हा कशाला तपासायचं, असा विचार होता. अपघातानंतर नव्या अग्निबाणाचा मार्ग खऱ्या सॉफ्टवेअरला चालवून दाखवला, तेव्हा तोच बिघाड जसाच्या तसा पुन्हा घडला.

मार्क-1ए मधल्या जुन्या, सिद्ध झालेल्या पेट्या पुन्हा का तपासाव्या लागतात, याचं उत्तर या अपघातात आहे. शेजारची पेटी बदलली की जुनी पेटीही नव्या परिस्थितीत येते. या जातीसाठी उड्डाण नियंत्रणाचा कॉम्प्युटर नवा केला गेला. तो आधी एका जुन्या तेजसवर बसवून 19 फेब्रुवारी 2024 रोजी उडवला, मग नव्या विमानाची पाळी आली. रडार नवं, जॅमर नवा. त्यांच्या एकत्र तालमीला लागणारा वेळ मला तरी वाया गेलेला वाटत नाही. करार करताना हा वेळ प्रामाणिकपणे धरला गेला नाही, ही तक्रार मात्र योग्य आहे.

मग सरळ हवेतच का तपासत नाहीत?

हवेतही तपासतात, पण हवेतल्या उड्डाणाचं काम वेगळं. मॉडेलने जे सांगितलं ते खरं निघालं का, हे तिथे बघायचं. जुळलं तर वेग आणि उंची एक पायरी वाढवायची, नाही जुळलं तर परत जमिनीवर येऊन मॉडेल दुरुस्त करायचं. नौदलाच्या तेजसचं उदाहरण गोव्याचं आहे. आयएनएस हंसा तळावर जमिनीवरच विमानवाहू जहाजाच्या डेकची प्रतिकृती बांधली आहे, पुढे उंच वळलेली धावपट्टी आणि उतरताना विमान अडवणाऱ्या तारांसकट. 20 डिसेंबर 2014 रोजी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी तिथून पहिलं उड्डाण केलं. तारेत अडकून उतरण्याची पायरी सप्टेंबर 2019 मध्ये तिथेच गाठली गेली. त्यानंतरच 11 जानेवारी 2020 रोजी मावळंकरच आयएनएस विक्रमादित्यवर उतरले. आधी गणित, मग रिग, मग जमिनीवरचं जहाज आणि शेवटी समुद्र.

काही गोष्टी मात्र हवेत तपासताच येत नाहीत. शत्रूची आधुनिक रडारं आणि क्षेपणास्त्रं डझनांनी गोळा करून चाचणीसाठी मांडून ठेवणं कुठल्याही देशाला जमत नाही. शिवाय आपला जॅमर उघड्या आकाशात चालू केला, की ऐकणाऱ्याला त्याची तऱ्हा कळते. म्हणून अमेरिकेने एफ-35 साठी मेरीलँडमधल्या पटक्झंट रिव्हर तळावर एक मोठं सामाईक सिम्युलेशन केंद्र उभारलं. ते तयार व्हायला अनेक वर्षं जास्त लागली. सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या 64 चाचण्या पूर्ण झाल्या आणि त्यानंतर मार्च 2024 मध्ये पूर्ण वेगाने उत्पादनाला मंजुरी मिळाली. सिम्युलेटर तयार नाही म्हणून विमानाच्या मंजुरीचा कागद अडून राहिला, अशी ही वेळ होती.

विमान ताफ्यात आलं की रिग बंद करतात?

बंद केलं तर विमान म्हातारं होऊन मरेल. लढाऊ विमान 30-40 वर्षं उडतं. आपली जॅग्वार लढाऊ विमानं 1979 पासून सेवेत आहेत आणि त्यांचं एव्हिऑनिक्स टप्प्याटप्प्याने पार बदललेलं आहे. अशा आयुष्यात नवी शस्त्रं येतात. सुमारे अडीच टनांचं ब्राह्मोस सुखोईच्या पोटाखाली लावायचं काम ओझरला झालं. 25 जून 2016 रोजी असं पहिलं सुखोई तिथून उडालं आणि प्रत्यक्ष मारा नोव्हेंबर 2017 मध्ये झाला. तेजसवरून अस्त्र नावाचं क्षेपणास्त्र 23 ऑगस्ट 2023 रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळ सोडलं गेलं. बातमीत दिसतो तो शेवटचा क्षण. त्याआधी क्षेपणास्त्र आणि विमान यांच्यातला प्रत्येक निरोप रिगवर तपासून घ्यावा लागतो: तू जागं आहेस का, लक्ष्य हे आहे, बॅटरी चालू कर, आता सुट.

कधी संकट अनपेक्षित येतं. फेब्रुवारी 2007 मध्ये अमेरिकेची एफ-22 विमानं हवाईहून जपानच्या ओकिनावाकडे निघाली होती. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांच्या कॉम्प्युटरांनी मान टाकली, दिशादर्शनही गेलं. इंधन देणाऱ्या विमानांच्या मागे मागे ती परत फिरली. हवा स्वच्छ होती म्हणून निभावलं. दुरुस्त सॉफ्टवेअर दोनेक दिवसांत मिळालं. इतक्या घाईत बदललेली एक ओळ दुसरं काही मोडत नाही ना, हे सांगणारी जागा तयार नसेल, तर एवढी जलद दुरुस्ती कुणी विमानात घालणार नाही.

आणि सगळ्यात रोजचं दुखणं म्हणजे चिप बाजारातून नाहीशी होणं. मोबाइलवाल्यांच्या जोरावर चालणारा चिप उद्योग काही वर्षांत एखादी चिप बंद करतो, विमान मात्र तिच्यावर अजून 20 वर्षं उडायचं असतं. तेव्हा दोन वाटा उरतात. सगळं सॉफ्टवेअर नव्या चिपसाठी पुन्हा लिहायचं आणि पहिल्यापासून प्रमाणित करायचं, किंवा नव्या चिपवर जुन्या चिपची हुबेहूब नक्कल चालवायची. दुसरी वाट स्वस्त, पण तिची अट अवघड. नक्कल नुसती योग्य उत्तर देणारी असून चालत नाही, ती जुन्या चिपइतकाच वेळ घेणारी हवी. नवी चिप दहापट वेगवान असते, म्हणून तिला मुद्दाम थांबवून ठेवतात. डेटा बसवरच्या शेजारणी 20 वर्षं ज्या क्षणाला तिच्या उत्तराची वाट बघत आल्या आहेत, त्या क्षणाच्या आधी उत्तर आलं तरी गोंधळ होतो. जुन्या चिपची एखादी खोड असेल आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने नकळत तिचाच आधार घेतला असेल, तर ती खोडसुद्धा नकलेत उतरवावी लागते. ती खोड कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. जुना रिग जपून ठेवला असेल, तर जुनी पेटी आणि नवी पेटी त्यावर शेजारी शेजारी ठेवून, एकाच खोट्या आकाशात उडवून ती सापडते.